एक्केचाळीस फोटो, वडगाव

गंगव्वानं फोन टेबलावर ठेवला
आणि पदराच्या टोकानं त्याची काच पुसली.
एक्केचाळीस आहेत, म्हणाली, अव्वाच्या लुगड्याचे.
लुगडं आता नाही. ते तिच्या अंगावरच मातीत गेलं.
नेसवल्यावर, नेण्याआधी,
हिनं पदर उलगडून वीत वीत टिपून घेतला होता.

व्हॉट्सअपवर टाका, असं मी म्हणायच्या आधीच:
टाकून बघितलं की वो, धागे एकमेकांत शिरतात.
बरोबर आहे. तोच पदर नातीच्या लग्नाला पुन्हा विणायचा
तर मला धागा मोजता यायला पाहिजे.

म्हणून वायर.
गणपत गल्लीतली, पांढरी, ऐंशी रुपयांची.
लावली. बॅटरी वाढायला लागली,
कॉम्प्युटरनं मात्र ओळख दाखवली नाही.
नुसतं पोट भरणारी वायर होती ती,
निरोप नेणारी नव्हे.
हे कळायला पाऊण तास गेला.

दुसरी वायर, पंचिंग मशीनची, आखूड.
पुढचं भोक, मागचं भोक.
टुडुंग वाजायचं आणि लगेच डुंग.
आला. गेला.
सुईनं फोनच्या तळातला कोंडा काढला:
निळं सूत, थोडं लाल, जरीची एक कसर.
चाळीस वर्षं मागावर बसलेल्या बाईच्या फोनात
दुसरं काय निघणार?
मग लाइट गेली. गल्लीतले सगळे माग एकदम थांबले,
इतकं शांत झालं
की गंगव्वानं उगाचच आवाज खाली आणून विचारलं,
हाळागेतेनु?
इल्ल, म्हटलं. नोडतेनी.

लाइट आल्यावर पुण्याचा भाचा फोनवर म्हणाला,
मामा, वायर लावल्या लावल्या तो काही विचारतोय का बघ.
विचारत होता.
पहिल्यापासून विचारत होता.
भोक नीट दिसावं म्हणून आम्ही त्याला पालथा घातलेला.

दोन ओळी कन्नडात, खाली दोन बटणं.
मी कन्नड बोलतो. भाव करतो, भांडतो,
एकदा झोपेतही बोललो, असं बायको सांगते.
वाचता येत नाही. आमच्या घरात त्या लिपीचं
नाव काढायची सोय नव्हती.
गंगव्वा कन्नडातच जन्मली, तिलाही येत नाही.
शाळेच्या वयात बापानं तिला कांड्या भरायला बसवलं.
दोघं त्या गोल गोल अक्षरांकडे बघत बसलो
तोवर काच काळी झाली.
काढ वायर. लाव वायर.

शेवटी कांड्या टाकायला आलेल्या शिवलिंगला थांबवलं.
सहावीत आहे, सरकारी शाळेत, नाक सदा वाहतं.
त्यानं बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं:
अ-नु-म-ति-सि.
एवढंच?
एवढं तर आम्हाला दोघांनाही कळत होतं.
आणि दुसरं? नि-रा-क-रि-सि, म्हणाला तो.
तेही कळलं.

दाब, मी म्हटलं.
ओत्तु, म्हणाली ती.

फोटो यायला लागले. हळू,
तारखा चुकलेल्या, दोन आडवे, एक नुसता अंधार.
मी भिंग लावून मोजत गेलो, बत्तीस, चौसष्ट,
काठावरची गोमी जराशी वाकडी, विणणाऱ्याचा हात दमला असेल.
सदतिसाव्यात एक अंगठा आला.
हाताचा. विभूती लागलेला.
खाली सहा धागे झाकलेले.
शेजारच्या बाजूवरून अंदाजानं भरतो, म्हटलं.
गंगव्वा बराच वेळ बोलली नाही.
शिवलिंगनं विचारलं, मी जाऊ?
नको भरू, म्हणाली ती मला. तेवढे मोकळे सोड.

पदरात सहा धागे मोकळे सोडता येत नाहीत.
जाळी पडते. पहिल्या धुण्यात उसवतं.
ते तिला उद्या सांगीन.

फाइलला नाव द्या, कॉम्प्युटर म्हणाला.
त्याला इंग्रजीशिवाय काही चालत नाही.
चार अक्षरं दाबली: अव्वा.

ऐंशीची पांढरी वायर गुंडाळून
गंगव्वानं कमरेला खोचली.
टाकायची कशाला, म्हणाली. पोटापुरती आहे की.